दुबईला न पोचलेली माणसं

आमच्या समितीतले आम्ही तिघं अजूनही कधी एकत्र बसलो, की विषय कुठूनही निघो, कपातला चहा संपायच्या आत गाडी त्या लाँचवाल्यांवर येतेच. एकानं एक आठवण काढली की दुसरा म्हणतो, "ते राहू द्या, तो गणपत आठवतोय का जीपमधला?" असले किस्से सांगून संपत नाहीत हो, उलट वाढत जातात. आणि त्यांना हसायचं की नाही, हे आमचं अजून ठरलेलं नाही!

आधी लाँचवाले म्हणजे कोण ते सांगते. बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा भागातली बरीच तरणी माणसं एका एजंटाच्या नादी लागून दुबईला निघाली. पासपोर्ट नाही, काही नाही. कोकणातल्या कुठल्याशा खाडीतून चोरून लाँचमध्ये बसवलं. भर समुद्रात इंजिन बंद पडलं. लाँचचे खलाशी होती ती एकुलती होडी घेऊन निसटले आणि ही माणसं तशीच वाहत राहिली. काही वाटेतच गेली. उरलेल्यांना एका मालवाहू जहाजानं पाहिलं आणि मुंबईला आणून सोडलं. पोलिसांच्या चौकशीतून सुटल्यावर नगरकडची माणसं आमच्या ताब्यात आली.

आमची समिती म्हणजे काय, तर अध्यक्ष एक वकीलसाहेब, ते आता नाहीत. रिटायर झालेल्या नर्स मार्थाबाई. जीपचे ड्रायव्हर उस्मानभाई. आणि मी, शाळेला सुट्टी लागलेली मास्तरीण. नगरच्या सावेडीला तेव्हा चार बंगले आणि बाकी माळ. तिथं एक बोर्डिंग रिकामं पडलं होतं. माणसांना तिथं ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं, बरं करायचं, आणि ज्याला घरी जायचं असेल त्याला पोचवायचं, एवढंच आमचं काम.

*

माणसं आली त्याच दिवशी टँकर आला नाही. हौद कोरडा. दुपारपर्यंत सगळे भिंतीला पाठ लावून रिकाम्या घागरींकडे बघत बसले होते.

वकीलसाहेब आले. कोर्टात समोरच्याला उभं फाडणारा माणूस, पण इथं आवाज बसलेला. म्हणाले, "मंडळी, जरा कळ काढा. दुष्काळ आहे, तुम्हाला माहीतच आहे."

पाथर्डीकडचा धोंडिबा पुढं बसला होता. ओठ मिठानं इतके फाटलेले, की बोलताना तोंडावर हात धरून बोलायचा. म्हणाला, "काढतो की सायेब. तिकडं समदीकडं पानीच पानी हुतं, पर पेता येत न्हवतं. हितं पेता येतंय, तर पानीच न्हाई!"

वकीलसाहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला, माझीच सायकल घेतली आणि टँकर शोधायला गेले. लेडीज सायकल!

*

कापडबाजारातल्या एका शेटजींनी मोठ्या मनानं पांढऱ्या कापडाचा अख्खा तागा पाठवला. धोतरं होतील, सदरे होतील, पांघरायला होईल. मार्थाबाईंनी तो व्हरांड्यात उलगडला आणि बोलता बोलता सगळी माणसं मागं सरकली. पांढरं, कोरं, लांबच लांब कापड!

धोंडिबा हळूच म्हणाला, "बाई, घाई कशाला करताय? आमी जित्ती हाव."

मार्थाबाईंच्या चटकन लक्षात आलं. कपडे धुतल्यावर उरलेलं पाणी टबात होतं, त्यात त्यांनी नीळ कालवली आणि सगळं कापड बुडवून काढलं. पण निळीचा हात जड पडला. वाळत घातलं तेव्हा ते चांगलं गर्द निळं झालं होतं, आणि वाऱ्यानं त्याच्या लाटा व्हायला लागल्या.

गणपत म्हणून एक होता, तो ते बघून आत पळाला आणि कोपऱ्यात तोंड करून बसला. मार्थाबाई त्याच्यामागं गेल्या, तर म्हणतो, "बाई, त्ये पांढरंच बरं हुतं!"

*

या गणपतचं गाव पाथर्डी रस्त्याला. त्याला पोचवायला जीपमधून निघालो. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. पहिल्याच खड्ड्यात जीप कलली आणि गणपतनं उस्मानभाईंचा दंड धरून किंकाळी फोडली, "कलली! लाँच कलली!"

उस्मानभाईंनी गाडी थांबवली. त्याला पुढं आपल्या शेजारी बसवलं आणि मग जी गाडी हाकली, ती माणूस चालत पुढं जाईल अशी. खड्डा दिसला की थांबायचे, "आता डावीकडं झुकंल हां," असं सांगायचे, आणि मग उतरवायचे. ऊन वाढत चाललेलं. धूळ खात एक बैलगाडी मागून आली आणि आमच्या पुढं निघून गेली.

मला राहवेना. "उस्मानभाई, अहो बैलगाडी पुढं गेली!"

"जाऊ द्या बाई," उस्मानभाई म्हणाले, "तिच्यातलं कुणी बुडालेलं नाही."

*

मुंबईच्या ज्या मंडळींनी आम्हाला हे काम सोपवलं होतं, त्यांची एक सक्त अट होती. कुणालाही जबरदस्तीनं घरी पाठवायचं नाही. प्रत्येकाला विचारायचं, 'तू स्वखुशीनं घरी जातोस का?' अट चांगलीच होती. वकीलसाहेब ती कोर्टातल्या शपथेसारखी पाळायचे. टेबलामागं बसून एकेकाला बोलवायचे.

शेवगावकडचा एक म्हातारा होता. लाँचवर तोच एक वयानं मोठा. पोराच्या सोबतीला म्हणून निघाला होता, आणि पोरगा पोलिसांच्या चौकशीतून सुटला तसा मुंबईतच कुठंतरी नाहीसा झाला होता.

"बाबा, तुम्ही स्वखुशीनं घरी जाताय ना?"

"म्हंजी?"

"म्हणजे, तुमची खुशी आहे का?"

म्हाताऱ्यानं खरंच विचार केला. खूप वेळ केला. मग म्हणाला, "न्हाई सायेब. खुशी न्हाई. पर जातो."

वकीलसाहेब माझ्याकडं बघायला लागले. अटीत हे बसत होतं का नव्हतं? त्यांनी आयुष्यभर कायदा वाचला होता. शेवटी उठले, म्हाताऱ्याची पिशवी स्वतःच्या हातानं जीपमध्ये ठेवली आणि परत येऊन म्हणाले, "पुढचा."

*

या सगळ्यांत एकच माणूस आपल्या जिल्ह्यातला नव्हता. केरळकडचा, नाव कुट्टी. तो आमच्याकडं का आला, तर मुंबईत त्यानं जामखेडच्या दत्तूचा हात सोडलाच नाही, म्हणून! त्याला मराठी येईना, हिंदी येईना. सकाळी उठला की सगळ्या खोल्यांतून डोकवायचा आणि विचारायचा, "आयगं? आयगं?"

मार्थाबाईंना वाटलं, बिचाऱ्याला दुखतंय. पोट दाबून बघितलं, पाठ बघितली, मलम लावलं, गोळ्या दिल्या. तो शहाण्यासारखा गोळ्या गिळायचा, आणि पुन्हा आपला, "आयगं?"

मार्थाबाई रडकुंडीला आल्या. "कुठं दुखतंय ते तरी कळू दे रे बाबा!"

दत्तू फारसा बोलायचा नाही. तो भिंतीशी बसल्या बसल्या म्हणाला, "त्याला काय दुखत न्हाई, बाई. सोपानला शोधतोय त्यो."

"सोपान कोण?"

"माजा धाकला भाऊ. लाँचवर ह्येच्या शेजारी पडून हुता. शेवटाला त्याच्या तोंडात तेवडंच हुतं, आई गं, आई गं. ह्याला वाटलं, त्येच नाव हाय. सोपानला पान्यात सोडला, तवा ह्यो बेसुद हुता."

मार्थाबाईंच्या हातात मलमाची डबी होती. ती तशीच उघडी राहिली.

उस्मानभाई लष्कराच्या कॅम्पातून एका मल्याळी हवालदाराला घेऊन आले. तो आत कुट्टीशी बराच वेळ बोलत होता. बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती. आम्ही विचारलं, "सांगितलं?"

"बता दिया," तो म्हणाला. "अब पूछता है, फिर असली नाम क्या था?"

*

दत्तूला जामखेडकडं पोचवायला मी, मार्थाबाई आणि उस्मानभाई, तिघंही गेलो. वाटभर तो ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होता. आईला कसं सांगायचं, त्याची तालीम! उस्मानभाई म्हणाले, "एकदम सांगून टाक रे. हळूहळू सांगितलं तर जास्त लागतं."

आई घरी नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. आम्ही तिकडं गेलो. उन्हात बायकांची लांबच लांब रांग, आणि हातोड्यांचा आवाज. तिनं दत्तूला लांबूनच ओळखलं. उभी राहिली. मग तिनं त्याच्या मागं बघितलं. मी उतरले, मार्थाबाई उतरल्या, उस्मानभाई उतरले. तरी ती जीपकडं बघतच होती. आता जीपमध्ये कुणी नव्हतं.

दत्तूनं जे घोकलं होतं, ते सांगायची वेळच आली नाही. ती खाली बसली आणि तिनं विचारलं, "जेवला हुता का?"

"व्हय आये," दत्तू म्हणाला. "पोटभर जेवला हुता."

"काय हुतं जेवायला?"

हा प्रश्न त्याच्या तालमीत नव्हता. त्यानं आमच्याकडं बघितलं. आम्ही काय सांगणार? त्या लाँचवर शेवटी शेवटी गोणपाट चावत होते, हे आम्हाला ठाऊक होतं.

"पुरनपोळी, आये," दत्तू म्हणाला.

समुद्रात पुरणपोळी! पण तिनं मान हलवली. पदरानं शेजारचा दगड पुसून दत्तूला बसायला जागा केली आणि म्हणाली, "दोन खाल्ल्या आसतील. त्येला आवडायची."

*

सगळे काही घरी जायला तयार नव्हते. आपला धोंडिबा, ओठ बरे झाल्याबरोबर म्हणाला, "मी परत जानार, सायेब. दुबईला."

वकीलसाहेब खुर्चीतून उठलेच. "वेड लागलंय का तुला? मरता मरता वाचलास! पोहता तरी येतं का?"

"न्हाई."

"पोहता येत नाही आणि समुद्रात जातोस?"

धोंडिबा शांतपणे म्हणाला, "पवता येत आसतं तर मरायला लई येळ लागला आसता की!"

आमच्यानं त्याला अडवता आलं नाही. एका सकाळी तो अंथरुणाची नीट घडी करून निघून गेला. पुढं त्याचं काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही. उस्मानभाई अजून म्हणतात, तो पोचला.

*

आणि तो भानुदास. देवळाली प्रवरेजवळचा. तिकडं कालव्याचं पाणी, ऊस. खरं तर त्यानं जायचं काही कारण नव्हतं, पण धाकट्या बहिणीचं, काशीचं लग्न थाटात करायचं त्याच्या डोक्यात होतं. वकीलसाहेबांनी विचारायच्या आधीच तो जीपमध्ये जाऊन बसला होता! चेहरा उन्हानं काळा ठिक्कर, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. वाटभर काशी अशी आणि काशी तशी.

आम्ही पोचलो, तर घरापुढं बैलगाड्या सुटलेल्या. ओसरीवर सतरंज्या टाकलेल्या, त्यांवर फेटेवाली मंडळी. काशीला बघायला नेवाशाकडचे पाहुणे आले होते, आणि बोलणी चालली होती. भानुदासचे वडील जीप बघून अंगणात आले. त्यांनी आधी मला बघितलं, मग उस्मानभाईंना. मग भानुदासला बघितलं, आणि बघतच राहिले.

ओसरीवरून एका पाहुण्यानं विचारलं, "कोन आलंय वो?"

वडील वळले. "नगरची मान्सं हायेत, कारखान्याच्या कामाला आलेली," ते म्हणाले. मग भानुदासला म्हणाले, "या पाव्हनं. बसा. चा घेऊन जावा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भानुदासनं मला हातानं थांबवलं. तो सतरंजीच्या टोकाला जाऊन बसला. आम्हीही बसलो.

नेवाशाकडच्या म्हाताऱ्यानं बोलणं पुढं चालवलं. "मंग, तुमचा थोरला दुबईला आसतो म्हना की!"

"व्हय," वडील म्हणाले. "भानुदास. लई चांगलं चाललंय त्याचं."

"लग्नाला येनार का?"

"रजा गावली तर येईल."

काशी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. डोक्यावरून पदर, नजर खाली. चहा द्यायला लागली आणि तिला भानुदासचा हात दिसला. तिनं पहिला कप त्याच्यापुढं धरला. नवऱ्या मुलाची आई म्हणाली, "अगं, आधी हिकडं दे की!" पण त्यानं कप घेईपर्यंत काशी हलली नाही.

भानुदासनं चहा प्यायला. फुंकून, सावकाश, तळापर्यंत. कप पालथा घातला आणि उठला. "येतो," म्हणाला. सगळ्यांना हात जोडले.

वडील जीपपर्यंत पोचवायला आले. ओसरीवरचे लोक बघत होते. उस्मानभाईंनी गाडी सुरू केली. भानुदास आत बसला आणि वडिलांना म्हणाला, "पोराला कागद लिवता न्हवं?"

"लिवतो की."

"मंग लिवा त्याला. म्हनावं, हिकडली काळजी करू नगं."

"लिवतो," वडील म्हणाले, आणि जीपचं दार त्यांनी बाहेरून नीट लावून घेतलं.