सरळ केलेली रेघ

नांदेडला विद्यापीठाच्या रस्त्यावरचा तो छपाईवाला लग्नपत्रिका छापायचा आणि आम्हा विद्यार्थ्यांचे प्रबंधही. मानेत मोबाइल दाबून माउस फिरवायचा. माझा प्रबंध त्या दिवशीच जमा करायचा होता आणि मुखेडच्या विहिरींच्या पाणीपातळीचा आलेख छापला जात नव्हता. आलेखाची फाइल स्क्रीनवर नीट दिसायची. कागदावर नुसती चौकट यायची, रेघ नाही.

"थांबा ताई, करून राहिलो ना," म्हणत त्याने स्क्रीनवर बघून नवी रेघ ओढली, पत्रिकेच्या किनारीसारखी. छापून आलेल्या कागदावर उन्हाळ्यातली घसरणच नव्हती.

"ही खाली का गेली नाही?"

"लई वाकडी होती. सरळ करून दिली."

"अहो, पाणी आटलंय तिथं. उन्हात फिरून मोजलंय मी."

"खाली गेलेलं कोन दाखवतं ताई? सर नाराज होतील."

मी संतापले. ही एक घसरण दाखवायलाच आईबापांनी मला एवढं शिकवलं होतं. मी लॅपटॉप उघडला, आलेख साधं चित्र म्हणून साठवला आणि त्याच्यासमोर छापून घेतला.

त्याची सरळ रेघ त्याने नमुना म्हणून दुकानाच्या काचेवर चिकटवली. अजूनही ती दिसली की डोकं तापतं. त्या कागदावर मुखेडच्या विहिरी कधीच आटत नाहीत.