ईटात हा रोग न्हाय

ईट गावच्या स्टँडवर एका काकांचं चहाचं हॉटेल आहे. आतड्याच्या कॅन्सरची माहिती सांगत मी गावोगाव फिरतो. मला पाहिलं की ते कप विसळता विसळता सुरू करतात, “या सायेब. ढोकीकडं आसंल त्यो रोग, आमच्या ईटात न्हाय. आमी ज्वारी खातो.” तपासणीला ईटचं माणूस क्वचितच येतं, म्हणून मलाही ते पटायचं. मी हसून चहा प्यायचो.

ते चहा उभ्यानं करतात, पेपरही उभ्यानंच वाचतात. परवा मी स्टूल पुढं केलं. “बसा की जरा.”

“बसवत न्हाय. मूळव्याध हाय, रगत जातंय. गावात लई जणांना हाय. वैद्याची पुडी घेतो आमी.”

“कुणी तपासून घेतलं?”

“मूळव्याधीला काय तपासायचं?”

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. “उद्या माझ्याबरोबर बार्शीच्या दवाखान्यात चला,” मी म्हणालो.

त्यांनी कप पुसून ठेवला. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, “येतो. पर निघालंच काय, तर गाव माझ्या सासुरवाडीचं लिवा.”