उद्याच्या पिठाचे बारा आणे

कुंदाताईंचं नाव आधी लिहिते, कारण त्या नसत्या तर मी नगरात टिकले नसते. बी.कॉम.ला होत्या त्या. मी चौथीतून शाळा सोडलेली, भंडारदऱ्याकडच्या वाडीतली. गावाकडच्या माणसांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी हे वाचावं.

बहात्तरच्या दुष्काळात आमची भातखाचरं कोरडीच राहिली. आमच्या मालकांना नगरच्या एका कॉलेजात रोजंदारीवर शिपायाचं काम मिळालं होतं. त्यांनी निरोप धाडला तशी मी अकोले स्टँडवर एसटीत बसले. खिडकीखाली आई उभी होती. गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, "तिकडं पानी बी इकत मिळतंय म्हनं. तू तसलं काय करू नको. कुनाला जेवू घातलं तर पैसं घ्यायचं न्हाईत." मी मान हलवली. कोल्हारच्या पुलावरून प्रवरा दिसली, आमच्याच डोंगरातून आलेली, पण पाण्यापेक्षा वाळूच जास्त. नदीची ही गत, तर माझी काय होणार?

कॉलेजच्या मागे पत्र्याची एक खोली मिळाली होती. मालक कामावर गेले की मी कडी लावून बसायची. सायकलची घंटी वाजली तरी दचकायची. एके दिवशी ते येऊन म्हणाले, "सर बोलावत्यात. पोरांचं प्रॅक्टिकल हाय, त्यात तू लागतीस."

प्रॅक्टिकल हा शब्द मला ठाऊक होता. संगमनेरला शिकणाऱ्या दिराने सांगितलं होतं की प्रॅक्टिकलला बेडूक फळीवर टाचतात आणि पोट फाडून बघतात.

"मला कशाला नेत्यात?" मी दाराची कडी धरून विचारलं.

"आगं, कॉमर्सवाले फाडत न्हाईत," ते म्हणाले. "भाकरी थापायच्यात."

कॉमर्स शिकवणाऱ्या सरांचा बेत असा होता की मुलांनी पुस्तकातला धंदा बाजूला ठेवून खरा करून बघायचा. आवारातल्या शेडमध्ये एक टर्म पिठलं-भाकरी विकायची. कुणी खरेदी बघायची, कुणी हिशोब, आणि गल्ल्यावर कुंदाताई. रांधायचं मी. सर मालकांना म्हणाले, "टर्म संपल्यावर तुमच्या मंडळींना एकटीनं जमणार असेल तर शेड त्यांनाच देऊ. नाहीतर ठेकेदार येईल, आणि मागची खोलीही त्याला लागेल."

धंदा बुडाला तर मुलांचे मार्क जाणार होते, आमचं छप्पर.

भाकरीची मला भीती नव्हती. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे त्या परदेशी तांबड्या ज्वारीची, भाकरी उलथताना तुटायची, तरी मुलं हसत खायची. भीती होती ती "किती झाले?" या प्रश्नाची. कुंदाताई तासाला गेल्या की गिऱ्हाईक मलाच विचारायचं. बारा आणे म्हणायचं, एवढंच. पण तोंड उघडलं की स्टँडवरची आई दिसायची आणि मी म्हणायची, "असू द्या." हे कॉलेजच्या माळ्याला कळलं, मग शेजारच्या गॅरेजवाल्यांना. कुंदाताई नसतील तेव्हाच गर्दी व्हायला लागली.

हिशोबात तूट दिसली. खरेदी बघणारा मुलगा वाण्याच्या घरातला, सगळे त्याला शेठ म्हणायचे. तो म्हणाला, "ही बाई धंदा करतीय का अन्नछत्र चालवतीय? दुसरी बघू." बाकीची मुलं हसली. माझे हात पिठात होते ते तसेच राहिले. मला आमची खोली रिकामी झालेली दिसत होती.

कुंदाताई चुलीपाशी येऊन बसल्या. "हौसाबाई, मागायची लाज वाटते का?"

"लाज न्हाई ताई. भ्या वाटतं. आईचं."

त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाल्या, "मग जेवणाचे मागूच नका. उद्याच्या पिठाचे मागा. आज यानं दिले तर उद्या दुसरा जेवेल."

त्या दिवसापासून तास सुटला की त्या बाहेर जायच्या आणि गिऱ्हाईक होऊन आत यायच्या. कधी शेठची टोपी घालून, कधी जाड आवाज काढून. "काय मावशी, भाकरी करपली, निम्मेच देणार. बोला, किती झाले?" मी बारा आणे म्हणेपर्यंत हलायच्या नाहीत. "अजून मोठ्यानं. मला तर असं दिवसभर ओरडायला आवडेल," म्हणायच्या. स्वतःचं दुकान काढायचं त्यांच्या फार मनात होतं. माळ्याला बारा आणे म्हणायला मी शिकले, पण म्हणताना त्याच्याकडे बघायची नाही.

टर्मच्या शेवटच्या आठवड्यात सर बघायला येऊन बसले होते, आणि नेमका त्याच दिवशी माझा धाकटा भाऊ रामा दारात उभा राहिला. पारनेरकडं खडी फोडायच्या कामावर चालला होता, वाट वाकडी करून आला. पोटभर जेवला, हात धुतला आणि म्हणाला, "येतो अक्का."

कुंदाताई हळूच म्हणाल्या, "भावाचे मी भरते. राहू द्या."

पण सर बघत होते. आज सोडले तर पुन्हा तोंडातून निघणार नाहीत, हे मला कळत होतं.

"रामा, बारा आणे."

"काय गं अक्का, चेष्टा करतीस."

मी पुन्हा म्हणाले. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कमरेची गाठ सोडली आणि पैसे पाटावर ठेवले. फाटकापाशी मी त्याच्या फडक्यात माझ्या वाट्याच्या भाकरी बांधल्या.

"आईला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग, उद्याच्या पिठाचे घेतले."

तो फडकं खांद्याला लावून चालायला लागला.

शेड आम्हाला मिळाली. तिचं पुढे हॉटेल झालं. आई पुष्कळ वर्षं जगली, नगरला यायचीही. त्या बारा आण्यांबद्दल तिने कधी विचारलं नाही. पण हॉटेलात ती कधी जेवली नाही. मागच्या खोलीत बसून जेवायची. घर म्हटलं की मला दोन्हीकडची भीतीच आठवते, गावाकडे पैसे घेतल्याची आणि नगरात ते घेता न येण्याची. तरी गावाला गेले की दोन दिवसांत जीव नगरकडे ओढतो, आणि नगरात कुणी अकोल्याचा भेटला की त्याला लवकर उठू देत नाही.

कुंदाताईंचं लग्न इंदूरला झालं. मोठं घर, सुनांनी बाहेर काम करायचं नाही, असं सर सांगत होते. म्हणजे दुकान त्यांना मिळालं ते आमच्या शेडमध्ये, एका टर्मपुरतं.

ताई, एकदा नगरला या. गल्ल्याची खुर्ची दिवसभर तुमची. कुणाला उधार द्यायचं, कुणाला हाकलायचं ते तुम्ही ठरवा, आणि पैसे मोठ्यानं मागा. मी आत भाकरी थापते. बोलावणं धाडायला भीती वाटते, तुमच्या घरचे काय म्हणतील म्हणून. पण धाडीन, आणि जमलं नाही तर स्वतः इंदूरला न्यायला येईन.