तीन वाजून पंधरा मिनिटं

तो रविवार विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही, कारण त्या दिवशी मी एका निरपराध माणसावर हात उचलला. पोलीस खात्यातल्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण आपण कसे बरोबर ठरलो ते लिहितात. मीही तशा दोन-चार लिहिल्या आहेत. ही त्यातली नाही.

मी तेव्हा पनवेल भागातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. उलव्याकडे विमानतळाचं काम धडाक्यात चालू होतं. डंपरचे अपघात आणि प्लॉटची भांडणं यातच आमचा दिवस मावळायचा. त्याच सुमारास आमच्या हद्दीत, हायवेलगत, वैमानिक घडवणारं एक आंतरराष्ट्रीय कॉलेज सुरू झालं होतं. इथे वर्ग होते, वसतिगृह होतं आणि खोलीत बसून विमान चालवण्याचा सराव देणारं यंत्र होतं. खरी विमानं दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका धावपट्टीवर. मुलं पंधरा-पंधरा दिवस तिकडे जाऊन उडायची आणि परत यायची.

दुपारी एकच्या सुमारास एक गृहस्थ ठाण्यात आले. उलव्याजवळच्या गावातले आगरी शेतकरी. जमीन गेल्यावर खडी-रेतीच्या धंद्यात पडलेले. मागे दहा-बारा माणसं.

"साहेब, माजी पोरगी नाय सापडत. कालेजान पन नाय, घरी पन नाय."

मुलगी एकवीस वर्षांची, त्या कॉलेजात शिकणारी. दर रविवारी ते तिला जेवायला घरी न्यायचे. आज गेले तर खोलीत कोणी नाही. सोबतीण सुट्टीला घरी गेलेली. टेबलावर बंद करून ठेवलेला फोन, शेजारी गणवेशाचा पांढरा शर्ट नीट घडी केलेला आणि त्यावर खांद्याच्या पट्ट्या काढून ठेवलेल्या. वडील तिच्याशी शेवटचे बोलले ते आदल्या रात्री दहाला.

सज्ञान मुलगी काही तास दिसली नाही तर आम्ही मिसिंग रजिस्टरला नोंद घेतो आणि थोडी वाट बघायला सांगतो. पण त्या घडीनं मी अस्वस्थ झालो. माणूस फिरायला जातो तेव्हा फोन घेऊन जातो. फोन ठेवून, कपडे नीट लावून जो जातो त्याची मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून धास्ती आहे.

त्यात गावच्या नाक्यावर तिचा भलामोठा बॅनर लागलेला. एकटीने विमान उडवल्याबद्दल गावच्या कन्येचं हार्दिक अभिनंदन, खाली पंधरा-वीस पुढाऱ्यांचे फोटो. "उडवलं का तिनं?" मी वडिलांना विचारलं. "आता उडवनारच व्हती ना साहेब," ते म्हणाले.

दोनच्या आसपास ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. नाव न सांगता एक तरुण आवाज म्हणाला, "त्या मुलीच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टरला विचारा. दोघं क्लासचं दार लावून बसतात. तो तिला खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावतो. मी बघितलंय." आणि फोन बंद.

इन्स्ट्रक्टर उलव्यातल्या एका इमारतीत राहत होता. पन्नाशीचा, शिडशिडीत, चष्मेवाला. कुठे, का, असं काही न विचारता तो आमच्या माणसांबरोबर आला. त्याची बॅग माझ्या टेबलावर ठेवली गेली. त्यात खिशात मावेल अशी एक डायरी होती. ती मी काढून घेतली आणि त्याला समोर बसवलं.

"मुलगी शेवटची कधी भेटली?"

"आज सकाळी पावणेनऊला, वर्गात. मी तिला बोलावलं होतं. सोलोसाठी मी सही देणार नाही, हे तोंडावर सांगायचं होतं."

सोलो म्हणजे एकटीने विमान उडवणं. इन्स्ट्रक्टरने लेखी सही दिल्याशिवाय ते करता येत नाही. तिला उतरताना, जमीन जवळ आली की, हात गोठल्यासारखे व्हायचे, असं तो म्हणाला.

"मग ती काय म्हणाली?"

"येस सर. एवढंच."

मी डायरी टेबलाखाली मांडीवर धरून चाळत होतो. त्या दिवसाच्या पानावर इंग्रजीत एकच ओळ होती. वेळ ०३१५. वर्गात भेट. तिला सांगितलं. शांतपणे घेतलं.

सव्वातीन! हा माणूस पहाटे सव्वातीनला बंद वर्गात मुलीला भेटतो आणि मला सकाळचे पावणेनऊ सांगतो. आता वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चौकशीत आपल्या हातात काय आहे ते समोरच्याला कळू द्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. मी डायरी खणात टाकली आणि खण बंद केला.

"रात्री सव्वातीनला कुठे होता?"

"घरी. झोपलो होतो."

"सोबत कोण?"

"कोणी नाही. मिसेस माहेरी गेल्यात."

"तिला डोळे मिटायला कशाला लावता?"

"त्याला आम्ही चेअर फ्लाइंग म्हणतो. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि उतरण्याची प्रत्येक कृती हातांनी करून बघायची. भीती मोडायला त्याचा फार उपयोग होतो."

"म्हणजे विमान नाही आणि विमान चालवायचं?" मी हसलो. तिथेच मी अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो.

बाहेर आवारात आता शे-दीडशे माणसं जमली होती. बायका होत्या, खाडीकाठचे कोळी होते. "त्या मास्तराला आमच्या ताब्यान द्या," असा ओरडा खिडकीतून आत येत होता. मी खाडीत दोन होड्या पाठवल्या. एका शिपायाला कॉलेजच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघायला पाठवलं. रात्री दोन ते पाच बघ, असं मीच सांगितलं. तो परत येऊन म्हणाला, "सर, दोन कुत्री सोडली तर कोणी नाही." मी म्हटलं, मागच्या भिंतीवरून गेले असतील. एकदा डोक्यात घेतलं की प्रत्येक पुरावा त्यातच बसतो. आणि नाही बसला तर आपण कोंबून बसवतो.

चौथ्यांदा तोच प्रश्न विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, माझ्याशी बोलण्यात वेळ घालवू नका. तिला शोधा."

मी उठलो आणि त्याच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून जबाब लिहिणाऱ्या रायटरच्या टेबलाखाली गेला. खोलीत दोन शिपाई, रायटर आणि एक महिला हवालदार, अशी चार माणसं होती. इन्स्ट्रक्टरने स्वतः वाकून चष्मा शोधला. एका काचेला तडा गेला होता.

अटकेचे कागद तयार करायला सांगून मी बाहेरच्या जमावाशी बोलायला गेलो. महिला हवालदारांना डायरीतल्या मुलीबद्दलच्या नोंदी उतरवून काढायला दिल्या होत्या. पाचच्या सुमारास त्या माझ्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साताऱ्याकडच्या बाई, कामाशिवाय तोंड उघडायच्या नाहीत.

"सर, एक विचारू का? हा माणूस सकाळी साडेसातला दुपारचं जेवण करतो का?"

"म्हणजे?"

त्यांनी पानं उलटून दाखवली. लंच, ०७३०. दुसऱ्या दिवशी लंच, ०७४५. मग धावपट्टीवरच्या दिवसांतली एक नोंद होती. सूर्यास्त, १३००.

"आणि याचा सूर्य दुपारी एकला मावळतो," बाई म्हणाल्या.

मी डायरी घेऊन आत गेलो आणि ती उघडून त्याच्यासमोर ठेवली. तडा गेलेल्या काचेतून त्याने ती ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"हा झुलू टाइम आहे. जगभरचे वैमानिक लॉगबुकात एकाच घड्याळाची वेळ लिहितात, ग्रीनिचची. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. पंचवीस वर्षांची सवय आहे, जेवणसुद्धा मी तसंच लिहितो. साडेपाच तास मिळवा."

मी चक्क बोटांवर मोजलं. सव्वातीन आणि साडेपाच म्हणजे पावणेनऊ. त्याने पहिल्या श्वासात सांगितलेली वेळ.

"हे तुम्ही मला आल्या आल्याच का नाही दाखवलं?" त्याने विचारलं.

मुलगी सकाळी जिवंत होती, चालती-बोलती होती, आणि मी दोन तास तिचं प्रेत खाडीत शोधत होतो. सूर्यास्ताला दीड तास उरला होता.

मी शिपायाला पुन्हा कॉलेजवर पिटाळलं. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. जीन्स, साधा टीशर्ट, हातात काही नाही. गेटबाहेर येऊन रिक्षात बसली. रिक्षा ना पनवेल स्टेशनकडे वळली, ना उलव्याकडे. गोव्याच्या दिशेने गेली. सकाळच्या पाळीचा वॉचमन घरी सापडला. तो म्हणाला, "मॅडम गेल्या की माझ्यासमोर. मला कोणी विचारलंच नाय."

"कुठे गेली असेल?" मी इन्स्ट्रक्टरला विचारलं. मग शब्द बदलून पुन्हा विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कुठे गेली असेल?"

त्याने डोळे मिटले. "खुर्चीत बसल्यावर आधी एखादी शांत जागा मनात आणायला मी सांगतो. ती दरवेळी एकच जागा सांगायची. आपटा गावचा नदीकाठ. लहानपणी मामाने तिथे पोहायला शिकवलं होतं म्हणे."

आपट्याच्या पोलीस पाटलांना मी स्वतः फोन लावला. ते नदीवर जाईपर्यंतची मिनिटं मी केबिनमध्ये उभ्यानं काढली. फोन वाजला तो मी पहिल्याच रिंगला उचलला.

"साहेब, एक पोरगी बसलीय दगडावर. सकालपासनं हाय म्हनतात. आमाला वाटलं कोनाची तरी वाट बगते."

"तिच्यापासून लांब थांबा. पण नजर हटवू नका."

जीपमध्ये मी, महिला हवालदार आणि इन्स्ट्रक्टर. त्याला मी यायला सांगितलं नव्हतं. तो आपणहून मागे चढून बसला आणि मला नको म्हणवलं नाही.

पाताळगंगेच्या काठी मुलगी पाण्यात पाय सोडून बसली होती. समोर पाणी खोल होतं. मी पुढे निघालो तर इन्स्ट्रक्टरने माझी बाही धरली. "आपण दोघंही नको. मला बघितलं की तिची पुन्हा परीक्षा सुरू होईल. बाईंना जाऊ द्या."

महिला हवालदार खाली गेल्या. बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि तिच्याशेजारी पाण्यात पाय सोडून बसल्या. वीसेक मिनिटं दोघींच्या पाठी आम्हाला दिसत होत्या. त्या वीस मिनिटांत मी आयुष्यभराचे देव आठवले. मग बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मुलगी हुंदके देत त्यांच्या खांद्यावर कोसळली.

वर आल्यावर तिने इन्स्ट्रक्टरला बघितलं. माझ्या बोटांचे वळ अजून त्याच्या गालावर होते.

"सर, गालाला काय झालं?"

"डास होता," तो म्हणाला. "मारला."

ठाण्याच्या आवारात जीप शिरली तेव्हा जमावाने वाट करून दिली. वडील धावत आले. मुलगी त्यांना बिलगली नाही. ती म्हणाली, "बाबा, आदी तो बॅनर काडा. माज्यानं नाय उडवलं अजून. कुनाला तोंड दाकवू मी?"

ते गृहस्थ सगळ्या गावासमोर मटकन पायरीवर बसले. "काडतो गो, आताच काडतो," एवढंच म्हणत राहिले. चार पोरं तेवढ्यात मोटारसायकलवरून नाक्याकडे गेली.

इन्स्ट्रक्टरचा जबाब संपला तेव्हा संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. सहीखाली त्याने सवयीने १३५० लिहिलं, थांबला, ते खोडलं आणि १९२० लिहिलं. "तुमच्या वेळेत," तो म्हणाला. मी त्याला विचारलं, की गुपचूप सही देऊन टाकली असती तर हे काहीच झालं नसतं ना? "आज ती घरी जेवली असती," तो म्हणाला. "पण विमानात एकटी असताना हात गोठले असते, तर मी काय केलं असतं?" त्याच टेबलावर त्याच्या अटकेचे कागद पडले होते. त्यांवर मी दुपारीच सही करून ठेवली होती.

तीन-चार महिन्यांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. "साहेब, उडवलं पोरीनं, एकटीनं. बॅनर नाय लावला बरं का." सही त्याच इन्स्ट्रक्टरने दिली होती.

त्यानंतरच्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. कोणाच्याही हातचा कागद सापडला की तो आधी त्याच्याचसमोर ठेवायचा आणि विचारायचं, हे काय आहे ते सांगा. पत्ते झाकून ठेवायची पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. कैक गुन्हे तिनेच उघडकीला आले. पण ती वापरताना समोरचा माणूस खरंही बोलत असेल, एवढी जागा मनात ठेवावी लागते. त्या दुपारी मी ती ठेवली नाही. महिला हवालदारांना बक्षीस मिळावं म्हणून मी शिफारस पाठवली, पण तिच्यात माझी चूक लिहायचं टाळलं, हेही सांगून टाकतो.

एक काम मात्र राहून गेलं. त्या संध्याकाळी मी इन्स्ट्रक्टरला केबिनमध्ये बोलावलं, हात जोडले आणि माफी मागितली. त्याने मान डोलावली, तडा गेलेला चष्मा पुसला आणि तो निघून गेला. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की थोबाडीत मी चार माणसांसमोर मारली होती आणि माफी मागताना केबिनचं दार लावून घेतलं होतं. निवृत्त झालो तरी ते मनातून जात नाही. म्हणून आज हे लिहिलं. ती माफी मी आता सगळ्यांसमोर मागतो आहे.