कानाच्या चर्चमध्ये

पवित्र भूमीच्या यात्रेत आमची बस काना गावी थांबली. एका लग्नघरी द्राक्षारस संपला आणि येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ते हे गाव. तिथल्या चर्चमध्ये यात्रेला आलेली जोडपी लग्नाचं वचन पुन्हा घेतात. आम्हीही उभे राहिलो. "या वयात कशाला?" म्हणत हे थोडे लाजलेच.

आमच्या वसईच्या गटातल्या सिसिलियामावशी मागच्या बाकाजवळ एकट्याच होत्या. त्यांच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली. फादर म्हणाले, "आता एकमेकांचा हात धरा." मी सहज वळून पाहिलं, तर मावशींचा उजवा हात आपसूक पुढे आला होता. क्षणभर तो तसाच उघडा राहिला. मग त्यांनी तो पदराखाली घेतला.

या साऱ्या प्रवासात आम्ही तरी दुसरं काय करत होतो? गुळगुळीत झालेल्या दगडांवरून, जैतुनाच्या जुन्या खोडांवरून, तळ्याच्या पाण्यावरून हात फिरवत होतो. ज्याला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, तो इथेच कुठे तरी उभा राहिला असेल, या ओढीने इतक्या लांब आलो होतो.

बसमध्ये मी मावशींच्या शेजारी जाऊन बसले. त्याच म्हणाल्या, "ते नाहीत हे मला कळलंय गं. हाताला अजून कळत नाही."

पुढच्या सीटवरून ह्यांनी मला हाक मारली. मी उठले नाही.