मूळ गाव कुठलं?

घरी गेल्यावर सांगायला कोणी नसलं की ऑफिसातले किस्से फार साठतात. बर्मिंगहॅमच्या माझ्या वन-बेड फ्लॅटमध्ये आता त्यांनाच जागा पुरत नाही! त्यातले हे काही.

आफ्रिकेतल्या एका देशाच्या इंटेरिअर मिनिस्ट्रीसाठी आमची टीम ओळखपत्रांचं सॉफ्टवेअर लिहिते. देशाचं नाव सांगायला करारात मनाई आहे. हे सगळं आईला सांगितलं, तर आठवड्याने नागपूरहून तिचा फोन.

"अगं, शेजारच्या काकू विचारताहेत, हॉलला पडदे कुठल्या रंगाचे लावू?"

"मला काय विचारतात?"

"तू इंटेरिअर करतेस ना तिकडे!"

"आई, इंटेरिअर मिनिस्ट्री म्हणजे गृहखातं!"

"मग तेच सांगितलं मी त्यांना. घराचंच खातं!"

मी खूप हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आमच्या नागपूरच्या घरातल्या हॉलचे पडदे कुठल्या रंगाचे आहेत, ते मला आठवत नाहीये.

*

आमचे सल्लागार अब्राहमसाहेब. त्याच मंत्रालयात आयुष्य घालवून रिटायर झाले आणि इथे मुलीकडे आले. सगळे हुडी घालून येतात, हे मात्र रोज टाय लावून. पहिल्याच मीटिंगला आमच्या सुमेधने विचारलं, "सर, तुमचं खातं नक्की काय काय करतं?"

"तुम्ही जन्मलात, आम्ही लिहितो. लग्न केलंत, आम्ही लिहितो. सभा भरवायचीय, आमची परवानगी. गावाला मुखिया हवा, आमचा शिक्का. मेलात, तेही आम्हीच लिहितो."

"मग मधे जगायचं कधी?"

"त्यासाठी पासपोर्ट देतो ना!"

*

अब्राहमसाहेबांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. ऑफिसात कोणी नोकरी सोडली की लीव्हिंग कार्ड त्यांच्याकडेच जातं. एकदा अकाउंट्समधल्या बाईंना त्यांनी कार्डावर चार ओळी लिहून दिल्या. त्या वाचून बाई इतक्या रडल्या, की राजीनामाच परत घेतला! मॅनेजर अजून साहेबांवर चिडून आहे.

*

मग एक दिवस सॉफ्टवेअरची चाचणी होती. पहिलं ओळखपत्र साहेबांचंच काढायचं ठरलं. जन्मगावाच्या यादीत ते बराच वेळ शोधत राहिले.

"ओलुंदे नाहीये," ते म्हणाले.

"स्पेलिंग वेगळं असेल, सर."

"नाही. गावच नाहीये." मंत्रालयाने पूर्वी लोकांना जंगलातून मोठ्या रस्त्याकडेला हलवलं होतं, शाळा-दवाखाना जवळ पडावा म्हणून. ओलुंदेचं झालं वसाहत क्रमांक चार. "माझ्या आईने मरेपर्यंत तो नंबर तोंडातून काढला नाही. माझ्या कार्डावर एकदा ओलुंदे लिहिलेलं बघायचंय."

सुमेध भडकला. "असल्या ऑर्डरवर सही कोणत्या गाढवाने केली?"

"होता एक नवा कारकून," साहेब म्हणाले. "अक्षर मात्र चांगलं होतं."

*

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आईचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी टायवाले गृहस्थ दिसले, तसा तिचा पहिला प्रश्न, "यांचं मूळ गाव कुठलं गं?"

मी भाषांतर केलं. साहेबांनी माझ्या हातातून फोनच घेतला. नदी, आंबे, पारावर बसणारे म्हातारे, सगळं अर्धा तास इंग्रजीत! आईला एक अक्षर कळलं नसेल, पण "हो का!" बरोबर जागी म्हणत होती. मला माझंही गाव कोणीतरी असं विचारावं असं फार वाटलं.

तेवढ्यात सुमेध ओरडला, "हेच! अगं, आपल्याकडे माणूस जन्मतो दवाखान्यात, राहतो भाड्याने आणि गाव तिसरंच असतं. फॉर्ममध्ये नवा रकाना टाकू, मूळ गाव! यादीच नको, ज्याने त्याने स्वतः लिहायचं."

टाकला. साहेबांनी एका बोटाने सावकाश टाइप केलं, ओलुंदे. नमुना मंजुरीसाठी मंत्रालयाला गेला.

*

चार दिवसांनी उत्तर आलं. "ओलुंदे नावाचं गाव अस्तित्वात नाही. पडताळणी कोणी केली?"

साहेबांनी मेलची प्रिंट काढली, टाय सारखा केला, खिशातलं पेन काढलं. खाली एकच ओळ लिहून कागद स्कॅन करायला माझ्या हातात दिला.

तेच मोत्याचे दाणे. "ज्याने ते रद्द केलं, त्याच कारकुनाने."