माझ्या सोसायटीचा धडा कॅनडातल्या नेत्याला

मंडळी, आज सकाळी मी जिंकले.

माझी लेक मेघना कॅनडात एका डाव्या पक्षाचं काम करते. निवडणुकीत त्यांचा नेता 'समोरच्याला अडवा' एवढंच सांगत फिरला. मी तेव्हाच बजावलं होतं, "आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत आम्ही हेच केलं. जुन्या चेअरमनला रोखा म्हणत सगळे जिने चढलो. लोकांनी त्याला रोखायला तिसरंच, मोठं पॅनल निवडलं. पाण्याचं काय करणार, हे आम्ही सांगितलंच नव्हतं."

"आई, हे कॅनडा आहे," ती म्हणाली.

पक्ष आपटला. आज तिचा फोन आला. बैठकीत तिने नेत्याला तोंडावर माझी गोष्ट ऐकवली, टाळ्या पडल्या. चुकलं, असं त्याने कबूल केलं आणि विचारलं, "मग आईंच्या सोसायटीत पाण्याचं काय झालं?"

इथे मीरा रोडला, आमच्या सोसायटीत, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तुमच्याकडे विचारतात का?